नंदाबाईंचा काळा पडदा

"वहिनी, स्क्रीन काळी पडली! जाळला तुम्ही कंप्युटर."

"जाळला न्हाई भाऊजी, चित्र मीच बंद केलंय. त्याशिवाय ड्रायव्हर बसत न्हाई. अक्षरं दिसून राह्यली ना? मला तेवढी बस."

"फुकटच्या लिनक्सचे नखरे! बाहेर टेम्पो उभा हाय. जालन्याला नेतो अन् विंडोज टाकून आणतो."

"ड्रायव्हर बसला न्हाई तर खुशाल न्या. तवर हात लावायचा न्हाई."

भोकरदनला नंदाबाईंनी अठरा वर्षं टायपिंग शिकवलं, कळांकडे न बघता टाइप करायची सवय लागावी म्हणून मुलींच्या बोटांवर फडकं टाकून. २००७ साली इन्स्टिट्यूट बंद पडली, तेव्हा छपाईच्या लग्नपत्रिका तयार करायला त्यांनी हा कंप्युटर घेतला. पण लिनक्स नव्या ग्राफिक्स कार्डाला ओळखेना. पत्रिका पडद्यावर मावायची नाही. नवरी दिसली की नवरदेव कापला जायचा. शेवटी त्यांनी कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, सीडीवर मागवला.

"ती कंपनी ड्रायव्हरच्या आतला कोड कोणालाच दाखवत न्हाई म्हणं," दीर भुजंगने डिवचलं. "तुमचं लिनक्स तर समदं उघडं ना?"

"उघड्या घरातबी एक कुलपाची पेटी असतीच की."

नंदाबाई वहीत उतरवलेल्या आज्ञा टाइप करत गेल्या. नजर कधी वहीवर, कधी पडद्यावरच्या अक्षरांवर, कळांकडे एकदाही नाही. मशीन पुन्हा सुरू झालं. त्यांनी पत्रिका उघडली. नवरा-नवरी शेजारी शेजारी, कडेची वेलबुट्टीसुद्धा बराबर.

"मंग भाऊजी? टेम्पोत काय घालू?"

भुजंगने कंप्युटर बांधायला आणलेला दोर खांद्यावर सावरला आणि बाहेर पडला.