रंगाच्या लायसनमधला माझा अर्धा वाटा

रंगनाथ गेला त्याला आता महिना होत आला. त्या दुपारी त्याच्या मुलाचा, सुनीलचा फोन आला. "काका, आबा गेले. जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कुणाला जागरण नाही. मी खुर्चीत बसलो, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं... इथंही गडी पहिल्याच खेपेत पास!

हा हेवा जुना आहे. माझ्या लायसनपेक्षाही जुना.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. जामखेडला एका शेठच्या ट्रकांवर रंगा आणि मी, दोघं किन्नर होतो. किन्नर म्हणजे क्लीनर. काच पुसायची, चाकाखाली दगड लावायचा, उस्तादांचे, म्हणजे ड्रायव्हरचे, पाय चेपायचे, आणि गाडी मागं घेताना खाली उतरून बॉडीवर थाप मारायची. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. त्या काळी ट्रकचा आरसा केस विंचरायच्या कामाचा. ड्रायव्हर गाडी मागं घ्यायचा तो किन्नराच्या थापेवर. आणि गर्व नाही, पण अड्ड्यावर माझ्या थापेला तोड नव्हती. भिंत आणि मागचा फाळका यांच्यात विडीचं बंडल मावेल एवढी जागा ठेवून मी गाडी थांबवायचो. पुढं उस्तादांनी रिकाम्या गाडीवर आम्हाला स्टेअरिंग शिकवलं. तेवढ्यात शेठनं नवी गाडी घेतली आणि सांगून टाकलं, हेवी लायसन जो आधी आणील त्याला किल्ली. झालं. एका ताटात जेवणारे आम्ही, त्या दिवसापासून एकमेकाचे गिअर चोरून ऐकायला लागलो.

टेस्ट नगरला, दोघांची एकाच दिवशी, एकाच ट्रकवर. मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या. रंगाचा नंबर आधी लागला. त्यानं गाडी फिरवली, खिडकीतून हात काढून वळायच्या, थांबायच्या खुणा दाखवल्या. शेजारी बसलेल्या आरटीओच्या साहेबांनी मागं घ्यायला सांगितल्याबरोबर मी सवयीनं धावलो आणि थापा दिल्या. साहेबांनी हरकत घेतली नाही. गाडी रेघांच्या मधोमध जाऊन बसली. रंगा पास. त्याला तिकडे ऑफिसच्या खिडकीवर सही-अंगठ्याला बोलावलं आणि मी स्टेअरिंगवर चढलो.

पुढं सगळं बरं चाललं होतं. साहेब म्हणाले, "हं, घे मागं." मी रिव्हर्स टाकला आणि थापेची वाट बघत बसलो. थाप येईना. साहेब पुन्हा म्हणाले, घे की. थाप मारणारा रंगा तिकडं अंगठ्याची शाई पुसत उभा! साहेबांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून मी गिअर काढला, हँडब्रेक ओढला, दार उघडून खाली उडी टाकली, पळत मागं गेलो, जागा नीट न्याहाळली आणि बॉडीवर दोन सणसणीत थापा हाणून ओरडलो, "येऊ द्याऽऽ!"

गाडी हलेना. मी आणखी दोन हाणल्या. तेव्हा खिडकीतून साहेबांचं डोकं बाहेर आलं. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "येऊ कुणी द्यायचं? मी?"

मैदान किती वेळ हसत होतं ते मला विचारू नका.

नवी गाडी रंगाला मिळाली आणि त्या गाडीवर किन्नर म्हणून शेठनं मलाच धाडलं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही कडबा वाहिला, रेशनची लाल मिलो ज्वारी वाहिली. तो वर खाकी शर्टात, मी खाली धुळीत. त्याचं लग्नही लायसननंच जमवलं. मुलीच्या बापानं आधी लायसनवरचा फोटो पाहिला, मग रंगाकडं बघितलं. माझा सगळा जळफळाट त्या बिचाऱ्या बॉडीवर निघायचा. मी म्हणायचो, "रंग्या, अर्धं लायसन माझं हाय. माझ्या थापेवर पास झालास तू." तो विडी झटकत म्हणायचा, "मग सवताच्या थापेवर का न्हाई झालास? चांगल्या चार मारल्या हुत्यास की."

एक मात्र होतं. दुसऱ्या कुणाच्या थापेवर गाडी घेताना तो एकदा तरी उतरून बघायचा. माझ्या थापेवर त्यानं कधी मान वळवली नाही. मला तेव्हा तो त्याचा तोरा वाटायचा.

तिसऱ्या खेपेला मीही पास झालो. टेस्टला जाताना रंगानं माझा पाय सीटला बांधायला सुतळी दिली होती. पण मिळवणं वेगळं आणि टिकवणं वेगळं. त्याचं लायसन प्लॅस्टिकच्या पिशवीत, बंडीच्या आतल्या खिशात; मुदत संपायच्या आधीच हा नगरला हजर. माझं एकदा बायकोनं शर्टासकट धुतलं. फोटोत नुसते कान उरले. एकदा तर मुदत कधी संपली तेच कळलं नाही, आणि नवं होईपर्यंत मी पुन्हा रंगाच्या गाडीवर थापा मारत होतो. तो नुसता गालात हसला. बोलला असता तर बरं झालं असतं...

रंगा गेला त्या दिवशी त्याला न्यायला आलेली गाडी गल्लीत अडकली. एका बाजूला उघडं गटार, दुसरीकडं ओटे. दारापर्यंत मागं घ्यायची होती आणि ड्रायव्हर पोरगा या आरशातून त्या आरशात बघत घामेजला होता. मी माणसांतून उठलो. दोन थापा. पुन्हा दोन. गाडी सरकत आली. एक थाप. ओटा आणि फाळका यांच्यात विडीचं बंडल मावलं असतं.

पोरगं उतरून बघायला आलं. "लई बराबर घेतली, बाबा. तुमी ड्रायव्हर हुता का?"

हा प्रश्न रंगाच्या देखत कुणीतरी विचारावा म्हणून मी जन्मभर जळत आलो. त्याला उचलून बाहेर आणत होते.

"न्हाई," मी म्हणालो. "ड्रायव्हर ह्यो येतोय. मी त्याचा किन्नर."