रंभाबाईंच्या गोठ्यातला झोका

वैरागच्या अलीकडे आमच्या गावात रंभाबाईंचा गोठा होता. वर मातीचं माळवद, खाली सागवानी खांबांच्या दोन रांगा. सासऱ्यांच्या काळात तिथं बैलांची दावण भरलेली असायची. पुढं जमिनीच्या वाटण्या झाल्या, बैल गेले, रंभाबाईंचा नवराही गेला. एकोणीसशे तीसच्या सुमारास त्या एवढ्या मोठ्या गोठ्यात एकच म्हैस उभी होती.

धाकटा दीर मानसिंग. त्याला मोहोळला दुकान बांधायचं होतं आणि गोठ्याचं लाकूड त्याच्या डोळ्यांत भरलं होतं. पण भावकीपुढं त्यानं कारण वेगळंच सांगितलं.

"वैनी, मधली तुळई किडलीया. माळवद कुनाच्या तरी डोक्यात पडंल. पंचीम झाली की उतरवून घिऊ."

"किडलीया? वर चढून बघितली व्हय भावजी?"

"त्यात काय बघायचं!"

दुसऱ्या दिवशी शिडी लावून रंभाबाई स्वतः वर चढल्या आणि विळ्याच्या मुठीनं तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिली. खणखणीत!

त्या साली ओढ्याकाठचं लिंबाचं झाड वावटळीत पडलं होतं. नागपंचमीचा झोका त्यालाच बांधायचे. माहेरी आलेल्या पोरी हिरमुसल्या होत्या. पंचमीच्या सकाळी रंभाबाई गल्लीगल्लीतून हाका मारत निघाल्या, "चला गं, झोका बांधलाय!"

"कुटं, आक्का?"

"माज्या गोठ्यात!"

बाया धावत आल्या. मधल्या तुळईला मोटेचा जाड नाडा, म्हणजे दोरखंड, बांधून खाली फळी अडकवलेली. पण किडीची गोष्ट गावभर झालेली, कुणी पुढं होईना. तेव्हा रंभाबाईंनी पदर खोचला. विधवा बाई झोक्यावर! म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले.

"पडलं तर मी पडंन की," म्हणत त्यांनी रेटा दिला. एक झोका, दुसरा, तिसरा. तुळई करकरलीसुद्धा नाही. मग जो गलका उठला! फेर सुरू झाला, गाणी सुरू झाली, फुगड्यांनी धुरळा उडाला. मानसिंगची बायको गोजरबाई तर फळीवर उभीच राहिली आणि तिचे पाय माळवदाला लागायला आले.

आरडाओरडा ऐकून मानसिंग धावत आला.

"अगं उतर! पडशील!"

"तुळई किडलीया म्हनला न्हवं?" गोजरबाई वरूनच ओरडली. "बघा की, हालत बी न्हाय!"

सगळा गोठा हसला. मानसिंग लाजला, मग त्यालाही हसू आवरेना.

"ऱ्हाऊ द्या वैनी गोठा," तो म्हणाला.

"नुसता ऱ्हाऊन काय उपेग? कोपऱ्यात गळतोय. माती आना."

मानसिंगनं खरंच दोन गाड्या पांढरी माती आणली. पुढं लग्नं तिथं लागली, भजनं झाली, गावाच्या बैठकाही तिथंच बसू लागल्या. पावसाळ्याआधी प्रत्येक घरातून माळवदासाठी मातीची पाटी यायची आणि शिडीखाली उभ्या राहून रंभाबाई ओरडायच्या, "तितं कमी पडलीया, तितं! अजून टाका की!"