पोटात सरांनी मांडलेली आमची भावकी

आमच्या कॉम्प्युटरच्या सरांचा आवाज असा, की जुन्नरच्या बाजारात बसून त्यांनी “झालं!” म्हटलं की स्टँडवरची एसटी घंटी न वाजताच सुटायची. सगळे त्यांना ‘पोटात सर’ म्हणत. कारण काहीही दाखवा, त्यांचा एकच सवाल : “हे कुणाच्या पोटात?” जिल्ह्याच्या पोटात तालुका, तालुक्याच्या पोटात गाव. एकाखाली एक लिहिलेल्या सपाट ओळी घ्यायच्या, कोडनं प्रत्येकीचा बाप शोधायचा आणि वेब पेजवर यादीच्या पोटात यादी उघडायची. ती उघडली की सर स्टुलावर चढून नाचत. बाजारातल्या सुतारानं म्हणे त्या मोडक्या स्टुलांच्या कमाईवर घराला माडी चढवली.

मी आणे गावाहून क्लासला यायची. एके दिवशी आजोबांनी फर्मावलं, “पोरीनं रोज एवढ्या लांब जायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सर मोटारसायकलवरून आमच्या ओट्यावर हजर! “बाबा, मी क्लासच इथं आणतो. देवळामागची खोली द्या.”

“देऊ की. पन आदी आमची समदी भावकी त्या डब्यात दाखवा. कोन कुनाचा, बिनचूक.”

सरांनी प्रत्येकाचं नाव आणि बापाचं नाव अशा ओळी भरून घेतल्या. जीपमधून कॉम्प्युटर आणला. गाव देवळात जमलं. एंटर! कोंडिबाच्या पोटात सखाराम, सखारामच्या पोटात कोंडिबा, त्याच्या पोटात पुन्हा सखाराम... ते पान माळशेज घाट उतरून कोकणात गेलं असेल! मग कॉम्प्युटर गपगार.

आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबाचंच नाव ठेवतात : आजोबांचा बाप सखाराम, आजोबा कोंडिबा, माझा बाप सखाराम, भाऊ पुन्हा कोंडिबा. कोड नावावरून बाप शोधत होता. त्याला आजोबा आणि नातू एकच वाटले.

“मास्तर, माझ्या बापाला माझ्या नातवाचं पोर केलं की राव तुमी!” आजोबा कडाडले. गाव हसून लोळलं. मी मनातल्या मनात क्लासवर पाणी सोडलं.

सर मात्र हर्षानं उडाले. “सापडलं! नाव नाही, नंबर! उठा, ज्यानं त्यानं आपल्या बापाच्या मागं बसा!”

गेलेल्यांच्या जागी नारळ ठेवले. बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच नारळामागं मांडीला मांडी लावून बसले. सर खडूनं नंबर टाकत ओरडायचे, मी टाईप करायची : ह्याचा नंबर, बापाचा नंबर. सरांनी कोडची ओळ बदलली. एंटर!

उघडलं! आजोबा पडद्याला नाक लावून बोट फिरवू लागले. “ह्यो मी. ह्यो सखाराम. ह्यो कोंडू.” बोट थांबलं. “आन् आमची शैला?”

भावकीत पोरी मांडायची रीतच नव्हती. सर जन्मात पहिल्यांदा हळू बोलले, “बाबा, तिला कुणी बसायला सांगितलंच नाही.”

“मंग बस की गं, बापाच्या मागं!”

मी भावाशेजारी बसले. सरांनी माझ्यापुढे नंबर टाकला. आजोबांनी कडोसरीला खोचलेली त्या खोलीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

पुढे सर अवसरीकडे नोकरीला गेले. जाताना त्यांनी क्लाससकट ती किल्ली, आजोबांच्या देखत, माझ्या हाती दिली. आजोबांनी ती कधीच परत मागितली नाही.