धोंडूभाऊ वायरमनला बघायला नाशिकला

या ब्लॉगवर मी आजवर किल्ले, धरणं आणि लेणी यांच्याबद्दल लिहिलं. या वेळचा प्रवास एका विनोदी नाटकासाठी होता. वाचून कुणाला हसू येईल असं वाटत नाही. पण माझ्यासारखंच आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्यांच्या उपयोगाचं यात काही आहे, म्हणून लिहिते.

हे नाटक ज्या टीव्ही मालिकेवरून आलं ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. धोंडूभाऊ हा गावातला वायरमन. कमरेला पक्कड, डोक्यावर मागे सरकलेली टोपी. एका आळीची लाइट दुरुस्त करायला खांबावर चढतो आणि शेजारच्या आळीची घालवतो. खालून लोक ओरडले की वर बसूनच सांगतो, "लाइट गेली नाय, जरा बसली हाय." हे वाक्य आमच्या धुळ्यात शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात. मी शिक्षिका आहे, त्यामुळे वर्गात किती वेळा ऐकलं असेल ते विचारू नका.

माझा मोठा भाऊ, दादा, स्वतः वीज कंपनीत लाइनमन होता. मालिका लागली की तो धोंडूभाऊच्या चुका काढायचा. "असा दोर बांधला तर माणूस खालीच येईल," म्हणायचा आणि हसून हसून खोकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय काठीच्या आधारावर आला आणि बोलणं जवळजवळ संपलं. जे पाच-सहा शब्द उरले ते आमच्या घरच्या अहिराणीतले. जड, ओढत ओढत येणारे. एकदा एका लग्नात तो जेवताना काहीतरी मागत होता आणि समोरच्या पंगतीतली दोन माणसं हसली. त्यानंतर तो घराबाहेर पडायचा बंद झाला. रोज संध्याकाळी वहिनी मोबाइलवर धोंडूभाऊचे जुने भाग लावून देते तेवढाच काय तो हसायचा.

म्हणून नाशिकला धोंडूभाऊचा रंगमंचावरचा प्रयोग आहे असं कळल्यावर मीच तिकिटं काढली. चारशेचं एक, कडेच्या खुर्च्या मुद्दाम मागून घेतल्या. दादाला विचारलं तेव्हा त्याने डाव्या हाताने आधी चपला दाखवल्या. वहिनी म्हणाली, "मंगलताई, त्यांना आत्ताच निघायचंय."

शनिवार

धुळे ते नाशिक साधारण एकशे साठ किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पण राहुड घाटात ट्रक रांगेत असतात, घाई करू नका. गाडी मीच चालवते. आम्ही सकाळी सातला निघालो. आजारी माणूस बरोबर असेल तर दर तासाला थांबा, मी चांदवडला थांबले ते उशिराच झालं, दादाचा पाय आखडला होता. ढाब्यावर मी आणि वहिनीने पोहे खाल्ले. दादाला तिखट आणि कोरडं गिळता येत नाही, म्हणून वहिनीने घरून मऊ भात आणला होता. तो भरवताना ती कुणाकडे बघत नाही, बघणारेही मग बघायचे थांबतात. हे तिला दोन वर्षांत जमलंय.

इंदिरानगरला लिफ्ट असलेलं लॉज फोनवर ठरवून ठेवलं होतं. लिफ्ट होती, पण तिच्यापर्यंत पोचायला चार पायऱ्या होत्या. हे फोनवर कुणी सांगत नाही, तुम्ही विचारा. संध्याकाळी जवळच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर बसलो. दादा माणसं बघत होता. घराबाहेर, अनोळखी लोकांत, काठी उघडपणे मांडीवर ठेवून. मला वाटलं, निम्मं काम झालं.

रविवार

सकाळी मी एकटीच मिसळ खाऊन आले. नाशिकला येऊन ती न खाणं बरं दिसत नाही. दही वेगळं मागून घ्या, रस्सा झणझणीत असतो.

प्रयोग चारचा. नाट्यगृहाला अकरा पायऱ्या. मागच्या बाजूला उतार आहे, पण त्याच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली चौकीदाराकडे. अर्धा तास आधी पोचलात तरच तो सापडतो. सभागृह भरलेलं होतं. पोरं पुठ्ठ्याच्या पकडी घेऊन आलेली, दोघातिघांनी तसल्याच टोप्या घातलेल्या.

पडदा वर गेला, अंधार झाला आणि अंधारातून तोच आवाज आला, "लाइट गेली नाय..." पुढचं अख्ख्या सभागृहाने पूर्ण केलं. दादा खुर्चीच्या टोकाशी आला होता. तोंड उघडं, डोळे ओले. वहिनीने माझा हात दाबला.

दहाएक मिनिटांनी दादा मला म्हणाला, "हात."

मला वाटलं त्याचा हात दुखतोय, मी तो उचलून नीट ठेवला. त्याने मान हलवली आणि रंगमंचाकडे बोट केलं. "हात," पुन्हा म्हणाला. मी बघितलं. धोंडूभाऊचा उजवा हात सारखा खिशात होता. पक्कड डाव्या बाजूला लावली होती. खांब होता, पण तो खांबावर चढत नव्हता, खालीच उभा राहून वर बघत बोलत होता. ओठ हलत होते, आवाज खणखणीत येत होता. पण दोन्हींचं जमत नव्हतं. आवाज थोडा आधी यायचा, ओठ मागून.

मग वाक्याच्या मधोमध आवाज थांबला. ध्वनिमुद्रण अडकलं होतं हे आता सांगते, तेव्हा कुणाला कळलं नाही. रंगमंचावर धोंडूभाऊचं काम करणारे गृहस्थ तसेच उभे होते. पुढे ओठ हलले आणि त्यांचा स्वतःचा आवाज आला. "ला... ला... ले... ना..." जड, लाळेतून येणारा, एकेक अक्षर ओढत.

सभागृहात हसू फुटलं. लोक इतके हसले की पुढच्या रांगेतला एक माणूस खुर्चीवरून घसरला. नवीन गंमत आहे असंच सगळ्यांना वाटलं. वहिनी हसली, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. मीही हसले.

दादाने आम्हा दोघींकडे बघितलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे.

ते गृहस्थ आत गेले नाहीत. तीनदा त्यांनी वाक्य सुरू केलं. तिसऱ्यांदा लोकांनीच ते म्हटलं, शिट्ट्या वाजवल्या. मग माझ्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, याला खरंच काहीतरी झालंय." हसू एका बाजूने विझत गेलं आणि दुसऱ्या बाजूला चालूच राहिलं. कुणी ओरडलं, "रेकॉर्डिंग लावून फसवता काय?" पडदा पडला. तांत्रिक बिघाड आहे, मध्यंतर आत्ताच घेतो, असं सांगण्यात आलं.

बाहेर चहाच्या टपरीजवळ दोन तट पडले होते. सिन्नरहून मुलांना घेऊन आलेले एक गृहस्थ तावातावाने सांगत होते, "आजारी आहेत तर तसं जाहिरातीत लिहा. आम्ही माणूस बघायला आलो, टेप ऐकायला नाही." कॉलेजातली एक मुलगी रडत होती. ती म्हणाली, "ते नुसते उभे राहिले असते तरी मी आले असते. पण मी हसले हो, मला माहीतच नव्हतं." हरसूलहून आलेला एक शेतकरी शांतपणे चहा पीत होता. मी त्याला विचारलं, तुम्ही थांबणार का.

"थांबणार की. गाडीभाडं करून आलोय," तो म्हणाला. "आवाज त्याचाच हाय ना? मग टेपमदून येवो नायतर तोंडातून. माणूस पडला तरी उभा राहिला, लय झालं."

दादा आत जायला तयार नव्हता. काठी जमिनीत रोवून "नही" म्हणाला. मी म्हटलं, गाडीत बसू.

वहिनी म्हणाली, "मी बघणार आहे."

दादाने तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत ती त्याला सोडून कुठे बसलेली नव्हती. तिने त्याचं तोंड पुसलं, पाण्याची बाटली माझ्याकडे दिली आणि ती एकटी पायऱ्या चढून गेली.

सव्वा तास आम्ही गाडीत होतो. गाडी बाजूच्या दाराजवळ लागली होती. आतून मधूनमधून हसण्याचे लोट येत होते आणि प्रत्येक वेळी दादा डोळे मिटायचा. शेवटी बराच वेळ टाळ्या ऐकू आल्या. वहिनी आली, मागे बसली आणि एवढंच म्हणाली, "सगळे उभे राहिले होते."

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. धोंडूभाऊचं काम करणारे ते गृहस्थ बाहेर आले. टोपी काढलेली, रंग अर्धवट पुसलेला, एका बाजूने त्यांच्या मुलीने धरलेलं. दादाने गाडीचं दार उघडलं आणि मी उतरायच्या आत तो चालायला लागला होता. मी मागे धावले.

मुलगी म्हणाली, "फोटो नको प्लीज, बाबा दमलेत." मग तिने दादाची काठी पाहिली, लोंबणारा हात पाहिला.

दोघे समोरासमोर उभे होते. दादाचे ओठ हलायला लागले. मी मध्ये बोलू नये एवढं मला तेव्हा तरी कळलं. बऱ्याच वेळाने शब्द आला. "नको." मग पुन्हा, "नको... करू."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. मुलगी त्यांच्यासाठी बोलायला गेली तर त्यांनी कोपराने तिला थांबवलं. अर्धं मिनिट तरी लागलं असेल. "घ...री," ते म्हणाले. आणि मग, "भिंत."

मुलीने मान खाली घातली. "घरी दिवसभर भिंतीकडे बघत बसून असतात," ती म्हणाली. दादा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने आपला डावा हात त्यांच्या डाव्या हाताला लावला, नुसता लावला, आणि तो वळला.

लॉजवर रात्रीचा भात त्याने खाल्ला नाही.

सोमवार

त्र्यंबकेश्वरचा बेत आधीच ठरलेला होता, कुणी मोडला नाही. अंतर तीसेक किलोमीटर, रस्ता सोपा. पण सोमवारी जाऊ नका. रांग मंदिराबाहेर लांबपर्यंत होती. वहिनी एकटी रांगेत लागली, चार तास गेले. मी आणि दादा गाडीत.

मी म्हटलं, "दादा, मी हसले. चुकलं माझं. मला वाटलं ते नाटकातलंच आहे."

"नही," दादा म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. तो आवाज मी ओळखला होता. दोन वर्षं रोज तो आमच्या घरात ऐकते आहे. पहिल्या अक्षरालाच मला कळलं होतं की हे नाटक नाही, आणि तरी मी हसले, कारण हजार माणसं हसत होती आणि त्या गर्दीत हसायला मोकळीक होती. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला सांगायची गरजही नव्हती.

वहिनी अंगारा घेऊन आली. त्याच्या कपाळाला लावला, त्याने लावू दिला. परतीच्या वाटेवर, ओझर गेल्यावर, ती अचानक बोलायला लागली. माझ्याशी, पण त्याला ऐकू जाईल असं.

"मी का हसले ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. घरात असा आवाज आला की मी धावते. रडायचं नाही, कारण त्यांना वाईट वाटेल. हसायचं नाही, कारण त्यांना वाईट वाटेल. काल पहिल्यांदा तो आवाज आला आणि मला उठावं लागलं नाही. मी बसून होते. मला बरं वाटलं, मंगलताई. परत जाऊन बसले तेही त्यासाठीच."

मी आरशात बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. 

घरी

प्रयोगावरून चाहत्यांच्या ग्रुपवर अजून भांडण चालू आहे. निम्मे म्हणतात लुबाडलं, निम्मे म्हणतात नतमस्तक. मला दोघांनीही विचारलं, तू तर तिथे होतीस, जावं की नाही? मी दोनदा लिहून खोडलं. प्रयोग अजून होतात. जायचं असेल तर ते बोलू शकत नाहीत हे माहीत असू द्या आणि मग ठरवा. हरसूलच्या त्या माणसाचं म्हणणं मला पटतं, पण दादाशेजारी बसून पटत नाही.

दादाने त्यानंतर धोंडूभाऊ पाहिला नाही. वहिनीने एकदा मोबाइल समोर धरला, त्याने तो उलटा ठेवला. आता ती एकटीच स्वयंपाकघरात बघते, कानात इअरफोन घालून.

परत आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी दादा खुर्ची ओढत ओढत अंगणात घेऊन गेला. एका हाताने, आम्हाला न बोलावता. फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून बसला. तेव्हापासून रोज बसतो. जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचा प्रयत्न करतो. भाजीवालीला त्याने मेथीचा भाव विचारला तेव्हा ती गोंधळून हसली. तो थांबला आणि शब्द पुन्हा म्हणाला, ती न हसेपर्यंत. पेपरवाल्याशी बोलतो, समोरच्या दुकानदाराशी बोलतो. शब्द वाढलेत, मी खिडकीतून मोजले नाहीत पण वाढलेत. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, छान प्रगती आहे, घरातही असंच बोलतं ठेवा.

घरात तो आमच्याशी बोलत नाही. शाळेतून येताना मला लांबूनच त्याचा आवाज ऐकू येतो, कुणाला तरी काहीतरी सांगत असतो. मी फाटकाशी पोचले की तो थांबतो, पाय जवळ घेऊन मला वाट देतो, आणि मी आत जाऊन दार लावेपर्यंत गप्प राहतो.