द्वारकाबाईंची फुकटची छत्री

दौलताबादचा घाट चढून आम्ही भद्रा मारुतीला पायी चाललो होतो. सोबत आमच्या गल्लीतल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या द्वारकाबाई. सरकारनं त्यांना टीव्हीची छत्री फुकट दिली. घरात टीव्हीच नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही! नळाला पाणी आठवड्यातून एकदा. तेही देवाच्या भरवशावर. बाईंनी ती छत्री पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून उपडी घातली.

चालता चालता त्या सांगू लागल्या, “सोमवारी साहेब तपासायला येणार. टीव्ही चालू दिसला नाय तर छत्री परत नेणार म्हणं. झाकण लई नामी बसलंय, ताई!”

“मग पाणीच मागा की त्यांच्याकडं.”

“मागितलं. म्हणे, ते आमचं खातं नव्हं.”

मी कपाळाला हात लावला. बाई हळूच म्हणाल्या, “सोमवारपुरता तुमचा टीव्ही माझ्या घरी ठेवता का?”