वसंताच्या कथेचा शेवट

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड जळगावला पिंप्राळ्यात माझ्या घरी पोचलं, तेव्हा वसंताचं दहावंसुद्धा होऊन गेलं होतं. फाटका कोपरा दिसला की मजकूर वाचायला मन धजत नाही... शेवटी वाचला. धुळ्याजवळच्या आमच्या गावचा, माझ्याच बाकावर बसून शिकलेला वसंता पस्तिशीही न गाठता काविळीने गेला होता.

शाळेत असताना ओढ्यात धरलेला मासा परत पाण्यात सोडणारा हा पोरगा. एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला आणि ऐंशीचं दशक सरता सरता समुद्रापलीकडच्या एका बेटावर लढून परतला. गावाने ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. शाळेतल्या लहान मुलींनी तांब्याने त्याचे पाय धुवावेत ही कल्पना माझी. मी तेव्हा नुकताच मराठीचा मास्तर झालो होतो. तो पाय पुढे करून, मान खाली घालून बसला. आम्हाला वाटलं लाजतोय, लाजाळू तर तो पहिल्यापासूनच होता.

दोन वर्षांनी जळगावच्या आमच्या छोट्याशा दिवाळी अंकासाठी त्याने कथा पाठवली. तीत एक कोवळा शिपाई आहे. परक्या गावातली एक मुलगी त्याला रोज पाणी आणून देते. एका पहाटे गोळीबार सुरू असताना दारामागे काहीतरी हलतं, तो गोळी झाडतो... दारामागे तीच असते. मग गावी मिरवणूक, लहान मुली त्याचे पाय धुतात, आणि तो कुणाला एक शब्दही सांगत नाही. कथा तिथेच संपते. मिरवणूक मी ओळखली, बाकीचं त्याने रचलं असणार असं धरून चाललो. कथा-कादंबऱ्यांतली पोरं युद्धावरून परतली की एकदा ढसाढसा रडतात आणि पुन्हा माणसांत येतात, अशी माझी मास्तरी समजूत. शिवाय वाचकाला फराळाबरोबर इतकं कडू कसं वाढायचं? त्याला न विचारताच मी शेवट बदलला. माझा शिपाई गावापुढे सगळं कबूल करतो आणि गाव त्याला पोटाशी धरतं. कौतुकाची पत्रं आली, मी खूश होतो.

अंक मिळाल्यावर वसंता जळगावला आला. चहा संपवून म्हणाला, "भाऊ, त्या पोऱ्यानी गावले काहीच सांगं नही. तू त्याले सांगाले कसाले लावं?"

तेव्हा लख्ख कळलं. तरी मी वाचकांचं, सणाचं, आशेचं काहीबाही बोलत राहिलो. त्याने ऐकून घेतलं आणि बस धरली. पुन्हा एक ओळ लिहिली नाही, प्यायला लागला. बोलायची एकच वाट त्याने शोधली होती, ती मी बुजवली. याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीने मला पाण्याचा पेला आणून दिला. वहिनींनी तो अंक पुढे ठेवला. मी लिहिलेल्या शेवटावर वहीचा कागद खळीने चिकटवला होता, आणि त्यावर वसंताच्या अक्षरात त्याचा शेवट.

"हाई खरं शे का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

कथाच आहे ती, वहिनी... अगदी ओठांवर आलं होतं. पण मी हो म्हणालो.

त्या बराच वेळ मुलीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हनीसन त्यास्नी पोरगीना हातनं कधी पानी लिधं नही."