वसाहतीतला एकमेव चालू कारखाना

गावात त्याला 'कारखानदार' म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत आणि बायको तर भांडणातसुद्धा म्हणे, "कारखानदार, जरा ती बादली उचला."

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, शेडमध्ये लोखंड कातायची एक लेथ आणि लेथशेजारी हा. पूर्वी शहरातल्या मोठ्या कारखान्यात तो लेथ चालवणारा टर्नर होता. हात असा की फोरमन त्याचं काम मोजायचा ते निव्वळ रीत म्हणून. पण एकदा सुट्टीत घरी आला आणि नेमकी तेव्हाच सरकारने गावाबाहेरच्या माळावर औद्योगिक वसाहत जाहीर केली. मांडव पडला, भाषण झालं. "आता तरुणांनी शहरात जायचं नाही, शहरानं इकडं यायचं!" अख्ख्या मांडवात हे खरं मानणारा माणूस एकच निघाला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. याने राजीनामा दिला.

वसाहत मात्र झाली हं. उगाच कशाला नावं ठेवायची? रुंद रस्ते झाले, दिव्यांचे खांब उभे राहिले, प्रत्येक भूखंडाला नंबराचा दगड मिळाला. पाणी मोफत होतं. नळ यायचा तेवढा राहिला होता. कर माफ होता. कर बसेल असं कोणी काही करतच नव्हतं. कारखान्यांच्या जागी शेळ्या आल्या आणि त्यांनी कुठलीही सवलत न घेता जोरदार विस्तार केला.

वसाहतीचा गुंतवणूक अधिकारी सज्जन माणूस. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि नोकरीच अशी की कान कधी पांढरे पडायचे नाहीत. "येताहेत, येताहेत, मोठी पार्टी आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून लोक त्याला येताहेतसाहेब म्हणत. पाहुणे निघाले की तो फोन करी, "कारखानदार, लेथ चालू ठेवा!" कारण वसाहतीत दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

आता लेथ नुसती फिरवून चालत नाही, काहीतरी कापलं गेलं पाहिजे. काम तर नव्हतं. म्हणून कारखानदाराने एक जुना शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, मशीनला लावून ठेवला होता. पाहुणे आले की त्याचा एक थर काढायचा. लोखंडाचा चकचकीत कीस उडायचा, पाहुणे फोटो काढायचे, "वा वा" म्हणायचे आणि जायचे. शाफ्ट आधी दंडाएवढा होता. मग मनगटाएवढा झाला. मग अंगठ्याएवढा.

"कारखानदार," बायको एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुमचा शाफ्ट आणि आपला संसार, दोन्ही एकाच मापानं चाललेत."

तो हसला. दुसरं काय करणार? पण त्या आठवड्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मेहुण्याने लेथला गिऱ्हाईक शोधलं होतं. सोमवारी ट्रक येणार होता. त्यानंतर शहरात मेहुण्याच्या घरी जिन्याखालची खोली, आणि जुन्या कारखान्यात हात जोडून उभं राहणं. आता एकच आशा होती. शनिवारी पंप बनवणाऱ्या कंपनीची बाई जागा बघायला येणार होती. पंपाची कंपनी म्हणजे शाफ्टच शाफ्ट!

"ही पार्टी सोडायची नाही," येताहेतसाहेब शनिवारी सकाळी धापा टाकत म्हणाला. "एकटा माणूस बघून पाहुणे बिचकतात. गजबज पाहिजे. मी कामगार आणलेत."

कामगार म्हणजे गावचा न्हावी, निवृत्त पोस्टमन आणि कारखानदाराचे दोन चुलतभाऊ. सगळ्यांना निळे डगले चढवले. न्हाव्याच्या हातात मोजमापाचा व्हर्निअर दिला, तो त्याने सवयीने कानामागे खोचायचा प्रयत्न केला. पोस्टमन लोखंडाचे तुकडे गावनिहाय टपाल लावल्यासारखे लावू लागला.

"काका, ते नटबोल्ट आहेत, मनिऑर्डरी नव्हेत," एक चुलतभाऊ म्हणाला.

"तू गप फिरव ते चाक. फिरवतोयस कशाला ते तरी माहितेय का?"

"मला 'फिरव' सांगितलंय. 'कशाला' ते साहेबांना विचारा."

तेवढ्यात गाडी आली. पंपकंपनीची बाई उतरली. साधी, भरभर चालणारी, कमी बोलणारी. तिने शेड बघितली, लेथ बघितली, कारखानदाराचा हात किती सफाईने फिरतो तेही बघितलं.

"छान," ती म्हणाली. "आम्हाला जवळपास असं एखादं चालतं वर्कशॉप लागतंच. दुरुस्तीला, सुट्या भागांना. काम घ्याल ना, दादा?"

कारखानदाराच्या छातीत लेथपेक्षा मोठा आवाज होऊ लागला. "घेऊ की, बाई," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

मग ती अधिकाऱ्याकडे वळली. "आणि माणसं? आम्हाला भरपूर माणसं लागतील. इथे मोकळी माणसं आहेत का?"

येताहेतसाहेबाचे कान लालभडक झाले. त्याला वाटलं, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. "मोकळी? छे हो बाई! बघा ना, प्रत्येक हाताला काम! आमच्याकडे रिकामा माणूस औषधालाही सापडायचा नाही!"

बाईचा चेहरा पडला. "असं होय," ती म्हणाली. "मग अवघड आहे. माणसंच नसतील तर आम्ही इथे येऊन काय करणार?" आणि ती गाडीकडे वळली.

साहेब तसाच हसत उभा. काय घडलं ते त्याला कळलंच नव्हतं. कारखानदाराला मात्र कळलं. गप्प बसावं तर बाई चालली. बोलावं तर 'चालतं वर्कशॉप' पत्त्याच्या बंगल्यासारखं कोसळणार. त्याने बटण दाबून लेथ बंद केली. शेडमध्ये एकदम शांतता झाली.

"बाई, थांबा. हा न्हावी आहे."

न्हाव्याने व्हर्निअर खाली ठेवला. "आणि तोही रिकामाच आहे," तो म्हणाला. "निम्मं गाव शहरात गेलं, डोकी आणू कुठून?"

"मी पोस्टमन. माझा मुलगा घरी बसलाय. सूनही शिकलेली आहे."

"आम्ही दोघं रिकामे!"

"आमच्या गल्लीत याच्याहून रिकामे आहेत, बोलावू?"

जो तो आपलं रिकामपण पुढे रेटू लागला. शेडच्या दारात उभ्या असलेल्या कारखानदाराच्या बायकोने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाई परत आली. कारखानदारासमोर उभी राहिली. "आणि दादा, तुमच्याकडे काम आहे का?"

त्याने लेथच्या पकडीतून शाफ्ट काढून तिच्या हातात दिला. पेन्सिलीएवढा उरला होता. "पाहुणे आले की हाच कापतो," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

तिने ती सळई बोटांत फिरवून बघितली. "तुम्ही खरं सांगितलंत, दादा, बरं वाटलं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आता मी इथलं पाणी खरं धरू, वीज खरी धरू, की काय धरू? वरच्यांना काय सांगू?" तिने सळई जपून टेबलावर ठेवली. "कळवते."

रविवारी तिचा साहेबाला फोन आला. कंपनीने दुसऱ्या जिल्ह्यातली जागा पक्की केली होती.

सोमवारी ट्रक आला, सोबत मेहुणा. लेथ जमिनीला बोल्टने जखडलेली, बोल्ट गंजून घट्ट झालेले. न्हावी आला, पोस्टमन आला, चुलतभाऊ आले. अंगात तेच निळे डगले. साहेबाने परत मागितले नव्हते. सगळ्यांनी पहारी लावल्या. कोणी बोट चेपून घेतलं, कोणी शिव्या घातल्या, घामाने डगले काळे झाले. त्या शेडमध्ये इतकं खरं काम कधी झालं नव्हतं. साहेबही आला. खांदा लावून उभा राहिला.

"कुठे उतरवायचंय हे?" ड्रायव्हरने विचारलं.

कारखानदाराने नुसतं मेहुण्याकडे बोट केलं आणि पाठ फिरवली.

बायकोने रिकाम्या शेडला कुलूप लावलं. किल्ली हातात धरून ती उभी राहिली, द्यायची कोणाला?

"माझ्याकडे द्या, वहिनी," साहेब म्हणाला. "गुरुवारी एक पार्टी येतेय. दाखवायला लागेल."

"काय दाखवणार, भाऊजी? आत काही नाही."

साहेबाचे कान लाल झाले नाहीत. "जागा," तो म्हणाला. "जागा तरी आहे ना."

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि ट्रकमागून चालू लागलेल्या नवऱ्याला गाठायला पावलं उचलली.